पहिलं गिऱ्हाईक

नाझिकने बिश्केकमधल्या कंपनीतली प्रोग्रामरची नोकरी सोडली, तेव्हा घरच्यांसकट सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पाठीशी उभी राहिली ती एकटी सोनुन एजे. एजे म्हणजे थोरली बहीण; सगळ्या ऑफिसची ही एजे गेली एकोणीस वर्षं तिथे रशियन कागदपत्रांचं किरगिझमध्ये भाषांतर करत होती. नाझिक घरी बसून तसंच भाषांतर आपोआप करून देणारी वेबसाइट बनवू लागली. संध्याकाळी कामावरून सुटली की एजे गरम तळलेले बोरसोक घेऊन यायची आणि खाता खाता तिच्या चुका काढायची.

"अगं, हे तुझं यंत्र तुझ्यासारखंच शहरी बोलतंय! गावाकडच्या म्हाताऱ्यांना वाटेल, दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलं."

नाझिक हसायची आणि निमूट दुरुस्त करायची. वर्षभरात वेबसाइट अगदी नेमकं लिहू लागली, पण गिऱ्हाईक काही मिळेना. शेवटी एजेच साहेबांकडे गेली. "आपल्या पोरीचं काम एकदा बघा तरी," म्हणाली.

साहेबांनी बघितलं आणि कंपनीसाठी घेतलं. नाझिकने आनंदाच्या भरात पहिला फोन एजेला लावला.

"एजे, कळलं का? तुझ्यामुळे झालं गं हे सगळं!"

"कळलं ना. साहेबांनी सकाळीच बोलावून सांगितलं. छान झालं, पोरी."

"मग रविवारी ये. दोघी मिळून मस्त जेवू."



"रविवारची वाट कशाला बघायची? उद्यापासून मी घरीच आहे."