हत्तीचं कार्टून

"आणि सगळ्यात खाली काय दिसतंय?" आईने विचारलं.

"घर, छत्री, बदक," ठमीने धडाधड सांगून टाकलं. डोळे तपासायच्या तक्त्यावरचं बदक तर मुंगीएवढं होतं.

आई बुचकळ्यात पडली. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर डोळे तपासायची आणि पोरांच्या हाती फोन देणाऱ्या आईबापांना फैलावर घ्यायची. घरी मात्र तिचीच चार वर्षांची लेक रोज दुपारी जेवताना आजोबांच्या फोनसाठी घर डोक्यावर घ्यायची म्हणे. नंबर नाही निघाला हे खरं, पण डोळे वाचले म्हणून पोरगी वाचली असं थोडंच?

चूक तिचीच होती. ठमी दोन वर्षांची असताना जेवणाच्या नावाने बोंब होती. मग आई फोनवर हत्तीचं कार्टून लावून भरवायची. "आणखी एक घास, मग पुढचं लावते!" ती युक्ती आता अंगाशी आली होती.

एक गोष्ट मात्र तिला काही केल्या उमगत नव्हती. बालवाडीत ठमी डबा निमूट संपवायची. रात्री आईजवळही फोनचं नाव काढायची नाही. मग दुपारीच काय अंगात यायचं?

"बाबा, तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला."

"मी बापडा काय करणार? तिच्यापुढे कुणाचं चालतंय?" आजोबा हसले.

आजी गेल्यापासून ते असे हसलेच नव्हते. मध्यंतरी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. हल्ली नातीच्या संगतीत जरा माणसात आले होते, अंगही धरलं होतं. म्हणून आईने फार ताणलं नाही.

पण आता बस्स. आजपासून फोन कुलपात. त्याआधी हा तमाशा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून ती दुपारी न सांगता घरी आली. चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआडून डोकावली.

ठमीचं ताट केव्हाच चाटूनपुसून साफ झालं होतं. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून आजोबांपुढे उभा होता. हत्ती चिखलात घसरून पडला. आजोबा खो खो हसले, आणि तेवढ्यात ठमीने लगबगीने चमचा त्यांच्या तोंडात सारला.

"आणखी एक घास आजोबा, मग पुढचं लावते."