अकरा जणांचा खंदक

लग्नघर असूनही अंगणात सगळे मांजराच्या पावलांनी वावरत होते. नवरीचा बाप, हिंदुराव हवालदार, त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पाचच ठोके घालते," त्याची आत्या मुसळ उचलत म्हणाली. "हळद कुटल्याशिवाय पोरीला बोहल्यावर उभी करू होय?"

"आत्या, लढाईवरून माझ्या मागोमाग आलेलं, आपोआप खंदक खणणारं खंदकयंत्र जमिनीखाली आहे. लढाई संपून सात वर्षं झाली, पण जमीन हादरली की त्याला अजून तोफाच वाटतात."

आत्या कसली ऐकते! पाचव्या ठोक्याला मांडव हलला, बायका किंचाळत पळाल्या आणि अंगणात सरळसोट खंदक उघडला. अकरा जणांचा, हिंदुरावाच्या तुकडीच्या मापाचा. यंत्र घराखाली घुसू लागलं.

हिंदुरावाने खंदकात उडी टाकली. तुकडीतल्या प्रत्येकाने दोनदा टाच आपटली, की सगळे सुखरूप आहेत असं समजून यंत्र थांबायचं. बाकीचे दहा लढाईतून परतलेच नव्हते; सात वर्षं तो आपली एकट्याचीच टाच आपटत आला होता. आजही आपटली. मग एक पाऊल सरकून "गणू" म्हणाला, आणि पुन्हा आपटली. मग "सदाशिव".

रडत रडत त्याने दहावं नाव घेतलं, टाच आपटली, आणि यंत्राने त्याच्यावर विश्वास ठेवला.