दम घ्यायची जागा

देवाने गळा दिला नाही, म्हणून मी आवडती गाणी कीबोर्डवर वाजवून घरीच रेकॉर्ड करतो. अडगळीच्या खोलीत चारी भिंतींना जुन्या रजया टांगल्यात. बायको तिला माझी गुहा म्हणते.

एक खोड आहे. गायक जिथे दम घेईल, तिथे मीही बोटं उचलतो.

आज दुपारी रेकॉर्डिंग ऐकलं, तर अशा प्रत्येक जागी कोणीतरी श्वास घेत होतं.

माझाच असणार, म्हणून माईक काढला. कीबोर्डची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून पुन्हा वाजवलं. श्वास होताच, आणि आधीपेक्षा जवळून येत होता.

मग मी हट्टाला पेटलो. या खेपेला बोटं कुठेच उचलायची नाहीत. घे म्हटलं आता दम!

पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. हेडफोनमध्ये फक्त माझे सूर होते. मला हसू आलं, पण हसायला छातीत हवाच नव्हती. श्वास ओढून पाहिला. तो आत येईना.

गाणं संपलं, तरी शेवटचा सूर मी दाबूनच धरला. सोडायची भीती वाटत होती.

“अरे, किती वेळ तेच पीं पीं?” बायको दाराबाहेरून ओरडली. “डोकं उठलं माझं. सोड ना!”

डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा बोट उचललं.

कानात कोणीतरी पोटभर श्वास घेतला.

“सुटले बाई एकदाची!” बायको म्हणाली, आणि तिची पावलं लांब गेली.

माझा श्वास अजून आला नव्हता.