समोरची घोंगडी

सवाल-जवाबाच्या मेळ्यात समोरची तुरेवाल्यांची घोंगडी रिकामीच होती. त्यांचा शेवटचा शाहीर, लखमा, वैशाखात गेला. कलगीवाल्यांतही आता एकटे भिवाजीआबाच उरले होते. त्यांनी डफावर थाप मारून पुन्हा तोच सवाल गायला. माणसं चपला शोधू लागली.

"आबा, आवरा आता. जिंकलात तुम्ही," सरपंच म्हणाले.

"जिंकलो कसला! जवाबाशिवाय मेळा कधी उठलाय? पणज्यापासूनची रीत आहे ती."

आबा उठले, फेट्यातली कलगी उपसली आणि लखमाच्या घोंगडीवर जाऊन बसले. लखमाच्याच चालीत त्यांनी स्वतःच्या सवालाला असा चोख जवाब दिला, की निघालेली माणसं माघारी फिरली.

जवाब देणाऱ्याने पुढचा सवाल टाकायचा असतो. आबांनी तो टाकला आणि समोर पाहिलं.

आता कलगीवाल्यांची घोंगडी रिकामी होती.