खादाड तास

"आणि संध्याकाळचा तो खादाड तासही आम्ही निभावून नेऊ," कंपनीचा माणूस म्हणाला, आणि कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षकबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

बाकी कुणाला काही खटकलं नाही. उलट दोघंतिघं हसले. शब्दच तसा गमतीदार होता.

वीजमंडळ सौरवीज विकत घेणार होतं. तीन कंपन्या स्पर्धेत होत्या. जी जिंकेल तिच्याकडूनच सगळ्या शहरानं पुढची पंचवीस वर्षं वीज घ्यायची होती. निवड चोख होते की नाही हे पाहायला बाहेरून नेमलेल्या त्या या बाई. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण त्यांची सही नसेल तर सगळा व्यवहार रद्द. मंडळात त्यांना पाठीमागे 'सासूबाई' म्हणत. काम काडीचं नाही, लक्ष मात्र सगळीकडे. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

कशाला किती गुण द्यायचे, हे निवड समितीनं बंद दाराआड ठरवलं होतं. दुपारच्या स्वस्त विजेला थोडे. सूर्य मावळल्यावर, घरोघरी दिवे लागतात त्या वेळी साठवलेली वीज जो देईल, त्याला भरभरून. कंपन्यांना याचा वासही लागता कामा नये, असा नियम होता. आधीच्या दोन्ही कंपन्या दुपारच्या दराचंच कौतुक सांगून गेल्या. हा तिसरा मात्र आल्यापासून संध्याकाळच्या विजेवर ठाण मांडून होता. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, माणूस हुशारही असू शकतो. पण खादाड तास?

तो शब्द कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो बाईंच्या बाबांचा होता. बाबांची सगळी नोकरी वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात गेली. दिवेलागणीला तिथला काटा सरसर वर चढायचा. "लागला खादाड तास," असं ते घरी सुट्टीच्या दिवशीही दिवा लावताना म्हणायचे आणि पोरं खिदळायची. मागच्या महिन्यात बाईच त्यांच्यापाशी बोलून गेल्या होत्या, "बाबा, यंदा सगळे गुण तुमच्या खादाड तासाला." एकटं राहणारं म्हातारं माणूस, तेवढंच बरं वाटेल, म्हणून. बाबा कुणाला सांगणार? त्यांच्याकडे येतंच कोण?

चहाची सुट्टी झाली. बाईंनी जिन्यात जाऊन फोन लावला.

"बाबा, हल्ली कुणी येतं का तुमच्याकडे?"

"येतात ना! तुझ्याच ऑफिसातले ते गृहस्थ. तूच पाठवलंस म्हणाले." बाबांचा आवाज किती दिवसांनी असा टवटवीत लागत होता. "माणूस सोन्यासारखा आहे गं. माझी सगळी जुनी बडबड ऐकून घेतो. मधेच घड्याळ बघत नाही. आज संध्याकाळीही यायचेत. का गं, काही निरोप द्यायचाय?"

"नाही बाबा," बाई म्हणाल्या. त्या स्वतः बाबांकडे गेल्या की घड्याळ बघत.

फोन ठेवून त्या वळल्या, तर मागे मंडळाचा खरेदीप्रमुख उभा होता. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यानं पुढे केला.

"बाबा बरे आहेत ना?"

ऑफिसात बाईंनी बाबांचा विषय कधीच काढला नव्हता.

"या वयात माणसाला सोबत लागते," तो अगदी मायेनं म्हणाला. "तुम्ही नोंदीत काय लिहायचं ते लिहा, आमची काही हरकत नाही. पण गुपित कुठून फुटलं, हे विचारतीलच. मग बाबांनाही चौकशीला बोलावणं आलं. थकलेला जीव. आपल्या बडबडीनं मुलीची मान खाली गेली, हे कळल्यावर बिचाऱ्यांना काय वाटेल... घ्या ना, गार होतोय."

बाई घाबरल्या. कप त्यांनी घेतला नाही. तो शब्द कुणाच्या तोंडून निसटला नव्हता. त्यांना ऐकू जावा आणि त्यांनी मुकाट सही करावी, म्हणूनच तो भर सभेत उच्चारला होता.

सगळे पुन्हा आत जमले. टेबलावरचा रेकॉर्डर सुरू झाला. "निरीक्षकांना काही म्हणायचंय?" खरेदीप्रमुखानं रिवाजाप्रमाणे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता समोरचे कागद आवरायला घेतले.

"हो," बाई उभ्या राहिल्या. "गुणांचं गुपित फुटलंय. मी सही करणार नाही."

कंपनीच्या माणसानं लॅपटॉप मिटला.

"कुणी फोडलं?" समितीतल्या एकानं विचारलं. खरेदीप्रमुख बाईंकडे बघत होता. त्याचं हसू अजून शाबूत होतं.

"मी," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून गेलं. बाहेर बोलायचं नव्हतं, ते मी बोलले. माझ्याकडच्या दुसऱ्या कुणाचा यात संबंध नाही. ते कुणाच्या कामी आलं, ते तुमच्यासमोर बसलंय."

यात खोटं काहीच नव्हतं. पुन्हा कुणी आपल्याला असल्या खुर्चीत बसवणार नाही, हे त्यांना कळत होतं. खरेदीप्रमुखाचं हसू मावळलं, ते मात्र त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं.

ओळखपत्र खाली दारावर जमा करून त्या रस्त्याला लागल्या तेव्हा दिवे लागत होते. आधी दुकानांचे, मग खिडक्यांचे, एकामागून एक. पर्समधला फोन वाजला.

"कामात नाहीस ना गं?"

"नाही बाबा. आता काही काम नाही. बोला तुम्ही, निवांत बोला."

"अगं, ते तुझे गृहस्थ आज आलेच नाहीत. मी दोन खुर्च्या मांडून बसलोय केव्हाचा." फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "उद्या येतील ना?"