हाकेला ओ

"भूत कधी येणार?" आईने दुसऱ्यांदा विचारलं.

"यात भूत नाहीये, आई."

"मग घाबरायचं कुणाला, दिग्दर्शकीणबाई?"

भरदुपारी खिडक्या लावून घेऊन लेकीने शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप मांडला होता. आई चित्रपट बघत होती आणि लेक आईचा चेहरा.

चित्रपट तिचा पहिलाच. मित्रमंडळींनी मिळून, मागूनमूगून आणलेल्या कॅमेऱ्यावर, याच घरात केलेला. गोष्ट म्हटली तर छोटी. शाळेतल्या दोन मैत्रिणी गंमत म्हणून एक दिवस आपापली नावं बदलतात आणि एकमेकींच्या घरी राहायला जातात. तिथे यातल्या एकीला सगळे त्या दुसरीच्याच नावाने हाक मारतात, जेवायला वाढतात, तिचे कपडे घालायला देतात. दुसऱ्या दिवशी खेळ संपतो. पण हिचं नाव हिला कुणी परत देत नाही.

हे सुचलं कुठून, असं ज्याने त्याने विचारलं होतं. तिने प्रत्येकाला वेगळी थाप मारली. कुणाला स्वप्न सांगितलं, कुणाला बातमी. खरं म्हणजे ते तिच्या डोक्यात होतंच, घरातल्या जुन्या कपाटासारखं. कधी आणलं, कुणी आणलं, कुणाला ठाऊक.

आजची धाकधूक मात्र वेगळी होती. चित्रपटातली मैत्रिणीची आई, ती गोड बोलून पोरीला गिळणारी बाई, तिने सरळसरळ आईवरून उचलली होती. केस विंचरताना हनुवटी धरणं, "माझं शहाणं ते" म्हणणं, सगळं जसंच्या तसं. उद्या हा चित्रपट एका महोत्सवाला जायचा होता. आईला लागलं, तर ते प्रसंग ती कापणार होती, आणि ते कापले की चित्रपटात उरणार होत्या नुसत्या भिंती. मग आईला दाखवतेसच कशाला, असं मित्रांनी डोकं धरून विचारलं. पण आईला दुखवून नाव कमवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आई पडली शिवणकाम करणारी. तिचं लक्ष भलतीकडेच. दुसरीचा फ्रॉक असा अंगासरसा बसत नाही, खांद्यात ओढतो, म्हणाली. नव्या घरात पोर लगेच ताटावर बसत नाही, म्हणाली. लेक मनात म्हणाली, झालं, आता कॅमेऱ्याचंही माप काढेल.

मग केस विंचरण्याचा प्रसंग आला, आणि आईचं बोलणंच थांबलं. चित्रपट संपला, सगळ्यांची नावं वर सरकून गेली.

मग आई म्हणाली, "मागे घे जरा."

लेकीने निमूट विंचरण्याचा प्रसंग लावला.

"हा नाही. आधीचा. दारातला."

दारात ती बाई मुलीला पहिल्यांदाच नव्या नावाने हाक मारते आणि मुलगी हसून ओ देते. एवढाच प्रसंग. आईने तो पाहिला. पुन्हा लावायला सांगून पुन्हा पाहिला.

लेकीला राहवेना. "आई, ती बाई म्हणजे तू नाहीस गं. म्हणजे, आहेस थोडीशी. तुला नको असेल तर काढून टाकते मी सगळं."

"काही काढू नकोस," आई म्हणाली. "बाई बरोबर जमलीये. पोरीचं चुकलंय."

"काय चुकलं?"

आईने लॅपटॉप हलकेच मिटला.

"या दारात आणली तेव्हा एवढीशी होतीस तू. पण अशी पहिल्या हाकेला ओ दिली नव्हतीस."