ताटातली मासोळी

गुणाबाई डॉक्टरच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. मागून तिची लेक रीता ती चप्पल हातात घेऊन आली.

"दरवाज्यातच सुटली व माय! पायाले समजत नाई का?"

"समजते," गुणाबाई म्हणाली. पण खाली पाहिलं तर पाऊलच दिसेना. हल्ली असंच व्हायचं. ज्याच्याकडे नीट पाहावं ते मधोमध पुसल्यासारखं होई. नजर जरा बाजूला नेली की कडेनं पुन्हा उगवे. हातापायांना मुंग्या तर दिवसभर. गोंडपिपरीच्या चष्मेवाल्यानं दोनदा काच बदलली, इसरू भगतानं गंडा बांधला, डोक्याचा फोटोही काढून झाला. कुठं काही निघालं नाही. आज रक्ताचा कागद येणार होता, आणि सकाळपासून तिचा जीव एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

डॉक्टर आयशा रीतापेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठी असेल. कागद वाचून तिनं मान वर केली.

"सापडलं, बाई. तुमच्या अंगात बी-बारा जवळजवळ उरलंच नाही. त्याच्यावाचून नसा वाळतात. डोळ्यांच्याही वाळत चालल्यात."

"मंग सुधरते का?" रीतानं विचारलं.

"आज सुरुवात केली तर पुष्कळ. अजून दोन-तीन महिने गेले, तर मी शब्द देत नाही. दूध, दही, अंडी, मासे खाता ना, बाई?"

"खातो नं जी. सगळंच खातो."

"मासोळी तं दर ऐतवारी होते आमच्या इथी," रीतानं दुजोरा दिला.

"मग पोटात मुरत नसेल. ते नंतर पाहू, आधी इंजेक्शन." डॉक्टर उठली. तिनं बाटलीत सुई खुपसली.

गुणाबाईनं दंडावरचा पदर सारला. सुईचं तिला भय नव्हतं. मग एकाएकी तिनं विचारलं, "त्यात काय असते जी?"

"मासोळीत, अंड्यात, दुधात असतं तेच. फक्त सरळ अंगात जातं."

गुणाबाईनं पदर पुन्हा दंडावर ओढून घेतला. "मंग नको."

"काऊन नको?" रीता म्हणाली.

"नको म्हणलं नं. चाल, बस सुटते."

"बस चार वाजताची आहे. आता अकरा वाजून राह्यले!"

पण एवढं बोलून रीता आईच्या पदराकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुह्या ताटातली मासोळी माह्या ताटात येते, दूध-अंडं बी. 'मले काटे दिसत नाई' म्हणतेस."

"दिसत नाईच तं."

"आता दिसत नाई. तू तं तीन सालापासून म्हणून राह्यली."

तीन वर्षांपूर्वी सिकलसेलच्या दुखण्यानं रीता अकरा दिवस दवाखान्याच्या खाटेवर तळमळत होती. त्यानंतर एकदाही तिला भरती करावं लागलं नव्हतं. तेव्हा महाकालीच्या पायरीशी आपण काय बोलून आलो, हे गुणाबाईनं घरधन्यालाही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडचं तिच्या अंगी लागू दे. एवढंच. असं बोलणं दुसऱ्या कानी गेलं की मोडतं.

डॉक्टर सुई हातात धरून उभी होती. "नवस आहे का, बाई?"

 गुणाबाईचे ओठ नुसतेच हलत होते.

"माझ्या अम्मीनं माझ्या परीक्षेसाठी साखर सोडली," डॉक्टर म्हणाली. "मी पास होऊन डॉक्टर झाले. ती चहा अजून फिकाच पिते. तिला समजावता समजावता मी थकले, तुम्हाला काय समजावू?"

रीतानं पर्स उघडली. सिकलसेलच्या रोजच्या गोळ्यांचं पाकीट काढून आईच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"हे ठेव तुह्याजवळ. मी बी सोडल्या."

"काय सोडल्या?"

"गोळ्या. आजची बी घेतली नाई अजून. तू सुई घेशील तवा घेईन. मी बी नवस बोललो आता. अन् मी तं सगळ्यांच्या समोर बोललो."

"पागल झाली का वं? गोळ्या सोडशील तं..."  गुणाबाईनं टेबल चाचपलं. पाकीट हाती आलं की नाही, ते बोटांना कळत नव्हतं. दोनदा ते सरकून दूर गेलं. रीतानं उचलून दिलं नाही. डॉक्टरही जागची हलली नाही. शेवटी गुणाबाईनं अंगठ्यानं दाबून एक गोळी काढली, तळहात डोळ्याच्या कडेला नेऊन ती असल्याची खात्री केली आणि हात लेकीपुढं धरला.

मग सवयीनं तिनं सरळ रीताच्या डोळ्यांत पाहिलं. रोज सकाळी दिवा लावून झाला की ती असंच पाहायची, डोळ्यांत पिवळं तर उतरलं नाही ना म्हणून. आता तिथं डोळे नव्हते. दोन कान होते, खांद्यावर वेणी होती. मधे काहीच नव्हतं.

"तोंड उघड," त्या रिकाम्या जागेला ती म्हणाली.

"आधी तू दंड उघड," तिथून आवाज आला.